पडवी अजून मोडलेली नाही

रत्नागिरीच्या सुशिक्षित वर्तुळात एक वाक्य वारंवार ऐकू येते: 'आमच्याकडे जातपात राहिलेली नाही.' पुरावा म्हणून 1931 चे पतितपावन मंदिर दाखवले जाते. भागोजीशेठ कीरांच्या पैशातून उभे राहिलेले, सर्व जातींना खुले असलेले हे मंदिर शहराच्या अभिमानाचा विषय आहे. तो अभिमान अनाठायीही नाही. आमचा आक्षेप आहे तो दार उघडले की प्रश्न मिटला, या समजुतीला.

याच जिल्ह्यातील दापोली ही गोपाळबाबा वलंगकरांच्या चळवळीची भूमी. 1890 च्या दशकाच्या आरंभी तेथील निवृत्त महार सैनिकांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावे म्हणून अर्ज केले. बऱ्याच तंट्यानंतर मुलांना जागा मिळाली ती पडवीत. म्हणजे प्रवेश मिळाला, वर्ग मिळाला नाही. महाविद्यालयांतील 'समावेशना'ची भाषणे ऐकताना आम्हांला ही पडवी आठवते.

आजची पडवी दगडमातीची नाही. ती भाषेची आणि अभ्यासक्रमाची आहे. कुणबी, बौद्ध वा मुसलमान घरातली मुलगी वर्गात आपल्या बोलीत उत्तर देते तेव्हा हशा पिकतो आणि प्राध्यापक 'शुद्ध बोला' म्हणून पुढे जातात. तीच बोली ग्रामीण कथेत आली की हेच प्राध्यापक तिच्या गोडव्यावर तासभर बोलतात. बोली पुस्तकात चालते, बाकावर चालत नाही, हा कुठला भाषाविचार?

अभ्यासक्रमाचेही तेच. उर्मिला पवारांचे 'आयदान' (2003) रत्नागिरी परिसरातील जगण्याचा दस्तऐवज आहे. आईच्या बांबूकामावरून नाव घेतलेले हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून, गद्य म्हणून, कोकणचा सामाजिक इतिहास म्हणून वाचता येते. पण त्याची पाठवणी 'दलित आत्मकथने' या कप्प्यात झाली की उरलेल्या मराठी गद्याला त्याच्याशी बोलावे लागत नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई सुधारक म्हणून सर्वांना ठाऊक; 'इंधन'चे कादंबरीकार म्हणून किती वर्गांत? वेगळा कप्पा देणे हा सन्मान वाटतो, पण पडवीही वेगळीच होती.

'साहित्याच्या वर्गात राजकारण नको, गुणवत्ता पाहा,' असे उत्तर येईल. गुणवत्ता पाहावीच. पण जिला तोंड उघडताच हसे होण्याची भीती आहे, तिची गुणवत्ता आपण पाहिली कधी? आणि हे केवळ मनाला लागण्यापुरते राहत नाही. 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली आणि वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचा आरोप होऊन खटला उभा राहिला. त्याच्या सात वर्षे आधी, 2012 मध्येच, विद्यापीठ अनुदान आयोगाने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचा नियम केला होता. नियम कागदावर असणे आणि विद्यार्थ्याला दाद मागता येणे, यांतले अंतर म्हणजेच पडवी.

मराठीच्या अध्यापकांकडे आमचे मागणे साधे आहे. बोलीतले उत्तर आधी उत्तर म्हणून ऐका, प्रमाणभाषा नंतर शिकवा. 'आयदान' आत्मचरित्राच्या तासाला लावा, 'इंधन' कादंबरीच्या. तक्रार कोणाकडे करायची, हे पहिल्याच तासाला नावानिशी सांगा. यासाठी ना अनुदान लागते, ना समारंभ. वर्ग आपलाच आहे. त्यात कोणाला कुठे बसवायचे, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.