मावशीच्या घरचा मुलगा

मागच्या रविवारी माझा भाचा आला तो एक भलं मोठं खोकं घेऊन. मला वाटलं, मिक्सर असेल. माझा गेले दोन महिने कुरकुरतो आहे. निघाला रेकॉर्ड-प्लेअर! म्हटलं, अरे, माळ्यावरच्या तबकड्या भंगारवाल्याला देऊन मी मोकळी झाले, आणि तू आता हे कुठलं खूळ काढलंस? तर म्हणतो, "मावशी, तबकड्या पुन्हा निघाल्यात. एक तुला ऐकवायची आहे. आवडेलच असं नाही, पण ऐक."

तबकडी जॉन लेननची होती. बीटल्सचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या चार पोरांनी साऱ्या जगाला वेड लावलं होतं. १९७० मध्ये त्यांचं फाटलं आणि त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरला लेननची ही स्वतंत्र तबकडी बाहेर पडली, 'जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड'. कव्हरवर एका मोठ्या झाडाखाली टेकलेले तो आणि त्याची जपानी बायको योको. मागच्या बाजूला त्याचा शाळकरी वयातला फोटो. कव्हर पाहून मी मनाशी म्हटलं, प्रेमाबिमाची गाणी असणार.

सुई टेकली आणि घंटेचे टोल सुरू झाले. संथ, जड, मयताला वाजवतात तसे. पहिल्या गाण्याचं नावच 'मदर'. साथीला पियानो, बास गिटार आणि ड्रम, बस्स. ड्रमवर बीटल्समधलाच रिंगो स्टार आहे. फिल स्पेक्टर हा एरवी गाण्यात वाद्यांची नुसती गर्दी उडवून देणारा निर्माता, पण इथं त्यानंही हात आखडता घेतलेला. त्यामुळे त्या माणसाचा आवाज अगदी उघडा पडतो. आणि शेवटी शेवटी तर, बायांनो, तो गात नाहीच. आईबापांना हाका मारत ओरडतो. तीस वर्षांचा बाप्या! मी उठून आवाज कमी केला. खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील?

भाच्यानं तो पुन्हा वाढवला नाही. नुसती हकीकत सांगितली.

लेननचा बाप बोटीवर नोकरीला, घरी कधी असायचाच नाही. आई ज्युलिया दुसऱ्या माणसाबरोबर राहू लागली आणि जॉन लहान असतानाच मावशीच्या घरी आला. मिमी तिचं नाव, ज्युलियाची थोरली बहीण. तिला स्वतःचं मूल नव्हतं. तिनं त्याला शिस्तीत आणि मायेनं वाढवलं. आई तशी फार लांब नव्हती, त्याच शहरात राहत होती. तो जरा मोठा झाल्यावर तिच्याकडे जाऊ-येऊ लागला. बँजोवर सूर कसे धरायचे ते तिनंच त्याला शिकवलं. म्हणजे हरवलेली आई कुठं परत मिळाली होती! आणि १५ जुलै १९५८ ला ती मिमीकडे येऊन गेली, घराबाहेरचा रस्ता ओलांडताना तिला मोटारीनं उडवलं. मोटार चालवणारा पोलीस होता, ड्यूटीवर नसलेला. पुढं तो सुटला. जॉन तेव्हा सतरा वर्षांचा होता.

आपल्याकडे म्हण आहे ना, माय मरो पण मावशी जगो. या घरात ती अक्षरशः खरी झाली. मिमी १९९१ पर्यंत जगली. लेननला १९८० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये गोळ्या घालून मारलं, ते दुःखही तिनं पाहिलं. पैसा आल्यावर त्यानं मावशीला समुद्रकाठी घर घेऊन दिलं होतं. कृतघ्न नव्हता तो. तरीसुद्धा तबकडीच्या आरंभी आईच आणि शेवटीही आईच. शेवटचं गाणं एक मिनिटाचंसुद्धा नाही. साध्या कॅसेटवर टेप केलेलं, लांबून आल्यासारखं. त्यात ओरडणं नाही. पोर झोपताना स्वतःशी पुटपुटतं ना, तसं आहे. मला त्या ओरडण्यापेक्षा हे जड गेलं.

हे सगळं त्याच्यातून बाहेर आलं त्याला एक कारण घडलं होतं. त्या वर्षी आर्थर जेनॉव्ह या अमेरिकन मानसतज्ज्ञाकडे त्यानं काही महिने उपचार घेतले. लहानपणी गिळलेलं दुःख मोठेपणी ओरडून, रडून मोकळं करायचं, अशी ती पद्धत. ती शास्त्राच्या कसोटीवर उतरलेली नाही, तेव्हा कुणी घरी प्रयोग करू नये. तबकडी मात्र राहिली.

एका गोष्टीचा मला राग आला, तोही लिहिते. बाप टाकून गेला म्हणून हा असा आक्रोश करत होता, तेव्हा याचा स्वतःचा मुलगा ज्युलियन सात वर्षांचा होता आणि आईजवळ राहत होता. १९६८ मध्येच यानं पहिल्या बायकोशी, सिंथियाशी काडीमोड घेतला होता. म्हणजे जे भोगलं तेच पोराच्या पानात वाढलं. भाचा म्हणाला, "माणूस शहाणा होता असं कुठं म्हणतोय मी?"

हो, एका गाण्यात शिवी आहे, दोनदा. सासूबाई घरात असतील तर पहिल्या बाजूचं चौथं गाणं बेतानं लावा. आणि ज्यांच्याकडे अजून तबकड्या असतील त्यांनी त्या थाळ्यांसारख्या एकावर एक रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवल्या तर वाकतात. धूळ मऊ कोरड्या फडक्यानं, खाचांच्या दिशेनं गोल पुसावी. बोटं लावायची ती फक्त कडेला.

आता खरं काय ते सांगते. आमची ताई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. भाऊजींची नोकरी फिरतीची, म्हणून तो माझ्याकडेच वाढला. मी माझ्या पोरांत आणि त्याच्यात वाटीचाही फरक केला नाही. पण ताईचं नाव काढायचं नाही, पोर हिरमुसतं, असं मीच ठरवून टाकलं होतं. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला ताईसाठी मी एक सवाष्ण जेवायला घालते. त्या दिवशी त्याला मुद्दाम शेजारच्या काकूंकडे खेळायला पाठवायचे. दहावीपर्यंत पाठवत होते. तोही निमूट जायचा. मला वाटायचं, याला काही कळत नाही, बरंच आहे.

तबकडी थांबल्यावर मी त्याला ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, "कळायचं गं. काकूंच्या खिडकीत वड्यांचा वास यायचा."

पुढं आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग त्यानं विचारलं, "आई कशी हसायची?" मला चटकन सांगता येईना. इतकी वर्षं मीही नाव काढलं नव्हतं ना! चहा टाकला, आणि ओट्याशी उभी राहून आठवेल तसं सांगत गेले. तोंडावर पदर घेऊन हसायची, ते आठवलं. भाकरी मात्र तिची कधी फुगली नाही, तेही सांगितलं. तो हसला.

प्लेअर तो माझ्याकडेच ठेवून गेला आहे. यंदाच्या अविधवा नवमीला रजा टाकतो म्हणाला. सवाष्णीला काकूंच्याच सुनेला सांगितलं आहे, आणि वड्यांचं पीठ या वेळी जरा जास्त भिजवावं लागेल.