ऐकणारे कमी, खर्च मोठा. तरीही बीबीसी पाच-पाच ऑर्केस्ट्रा का सांभाळते?

जानेवारी २००४. लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्टेजवर बसला होता. कंडक्टर समोर उभे राहिले आणि पुढची साडेचार मिनिटं एकाही वादकाने एकही सूर वाजवला नाही.

कुणाचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचनाच तशी आहे. वादकांनी गप्प बसायचं आणि श्रोत्यांनी हॉलमधले बारीकसारीक आवाज ऐकायचे.

खरी गंमत पुढे आहे. हा कार्यक्रम बीबीसीच्या रेडिओ ३ वर लाईव्ह सुरू होता. रेडिओवर इतका वेळ शांतता पसरली तर बिघाड झालाय असं समजून पर्यायी यंत्रणा आपोआप सुरू होते. त्या दिवशी ती यंत्रणा मुद्दाम बंद ठेवावी लागली, नाहीतर शांततेच्या मधोमध भलतंच काहीतरी वाजलं असतं.

जाहिरातींवर चालणारं एखादं स्टेशन साडेचार मिनिटांची शांतता प्रक्षेपित करेल का? बहुतेक नाही. बीबीसीने ती केली, कारण तिचा पैसा जाहिरातींतून येत नाही, लोकांनी भरलेल्या लायसन्स फीमधून येतो. आणि आता हीच लायसन्स फी वादात सापडल्यामुळे ऑर्केस्ट्रांच्या डोक्यावर टांगती तलवार आहे.

मुळात रेडिओला ऑर्केस्ट्रा लागलाच कशाला?

बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९३० साली सुरू झाला. एड्रियन बोल्ट हे त्याचे पहिले मुख्य कंडक्टर. त्या काळातल्या ७८ आरपीएम रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम चार-पाच मिनिटांचं संगीत मावायचं. चाळीस मिनिटांची सिम्फनी ऐकवायची तर रेकॉर्ड पुन्हा पुन्हा उलटाव्या लागायच्या.

दुसरी अडचण कराराची होती. रेडिओवर रेकॉर्ड फुकटात वाजत राहिल्या तर त्या विकत कोण घेणार, अशी कंपन्यांना भीती होती. आपल्या हातचं काम जाईल, ही वादकांची भीती. त्यामुळे ब्रिटनमध्ये रेडिओवर किती तास रेकॉर्ड वाजवायच्या यावर मर्यादा होती. तिला 'नीडल टाइम' म्हणत. ही मर्यादा १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली.

थोडक्यात, रेडिओचे तास भरायला माणसं हवी होती. आज बीबीसीकडे पाच ऑर्केस्ट्रा आहेत: बीबीसी सिम्फनी, बीबीसी कॉन्सर्ट, सॅलफर्डचा बीबीसी फिलहार्मोनिक, ग्लासगोचा बीबीसी स्कॉटिश सिम्फनी आणि कार्डिफचा बीबीसी नॅशनल ऑर्केस्ट्रा ऑफ वेल्स. सोबत १९२४ पासूनचा गायकवृंद, बीबीसी सिंगर्स.

यातले बरेचसे दरवर्षी उन्हाळ्यात 'प्रॉम्स'मध्ये वाजवतात. १८९५ साली सुरू झालेला हा महोत्सव १९२७ मध्ये बीबीसीने आपल्याकडे घेतला. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा क्वीन्स हॉल बेचिराख झाला, तेव्हा महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेला. प्रॉम्सची प्रत्येक कॉन्सर्ट रेडिओ ३ वर लाईव्ह ऐकवली जाते.

माईक ठेवला की झालं, एवढं सोपं आहे का?

नाही. ऑर्केस्ट्रात ८०-९० वादक असतात. कंडक्टरच्या डोक्यावर टांगलेले मुख्य माईक सगळ्यांचा एकत्रित आवाज पकडतात. बासरी, हार्प अशा वाद्यांसाठी जवळचे वेगळे माईक लागतात. हॉलबाहेरच्या गाडीत किंवा कंट्रोल रूममध्ये बसलेला साउंड इंजिनिअर हे सगळे आवाज त्याच क्षणी मिसळत असतो. चूक झाली तर रिटेक नाही.

सर्वात मोठी डोकेदुखी म्हणजे आवाजातली तफावत. ऑर्केस्ट्रा कधी कुजबुजल्यासारखा वाजतो, तर कधी छत उडेल असा. चालत्या गाडीत ऐकणाऱ्याला कुजबुज ऐकूच येत नाही, म्हणून रेडिओ ही तफावत काही प्रमाणात कमी करतो. ती जास्त कमी केली तर संगीतातला जीव जातो. हा तोल सांभाळणं हे वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारं काम आहे. वादकांच्या नोकऱ्यांची चर्चा होते, तेव्हा ही पडद्यामागची माणसं सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत.

२०२३ मध्ये नेमकं काय झालं?

मार्च २०२३ मध्ये बीबीसीने शास्त्रीय संगीतासाठी नवं धोरण जाहीर केलं. त्यात दोन धक्के होते. बीबीसी सिंगर्स हा गायकवृंद बंद करणार आणि इंग्लंडमधल्या तीन ऑर्केस्ट्रांमधली पगारी पदं सुमारे २० टक्क्यांनी कमी करणार. त्याच वेळी संगीत शिक्षणावरचा खर्च दुप्पट करू, असंही बीबीसीने सांगितलं.

सिंगर्समध्ये जेमतेम २० पदं होती. पण वर्षभर पूर्ण पगारावर काम करणारा ब्रिटनमधला हा एकमेव व्यावसायिक चेंबर गायकवृंद. शेकडो संगीतकारांनी जाहीर पत्र लिहिलं. ऑनलाईन याचिकेवर लाखाहून जास्त सह्या झाल्या. महिना संपायच्या आत बीबीसीने बंदचा निर्णय थांबवला. ऑर्केस्ट्रांमधल्या कपातीला पर्याय शोधण्यासाठी वादकांच्या संघटनेशी बोलणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'व्होसेस८ फाउंडेशन'सोबतची भागीदारी जाहीर झाली आणि सिंगर्सचं भवितव्य सावरलं.

म्हणजे लोकांनी आवाज उठवला आणि निर्णय फिरला. पण ज्यामुळे तो निर्णय घ्यावा लागला, ती पैशांची चणचण काही मिटली नाही.

पैसा आटला कसा?

लायसन्स फी २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षं १५९ पाउंडवर गोठवली गेली. याच काळात ब्रिटनमधली महागाई ११ टक्क्यांवर पोहोचली होती. आकडा तोच राहिला, पण त्याची किंमत घटली. एप्रिल २०२४ मध्ये फी १६९.५० आणि एप्रिल २०२५ मध्ये १७४.५० पाउंड झाली. दुसरीकडे, नेटफ्लिक्स-यूट्यूबच्या जमान्यात ही फी भरायचीच कशाला, असं म्हणणारेही वाढले.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ही फी टीव्हीसाठी आहे. फक्त रेडिओ ऐकण्याचं लायसन्स १९७१ मध्येच रद्द झालं. त्यामुळे फक्त कॉन्सर्ट ऐकणाऱ्याला एक पेनीही द्यावी लागत नाही, त्याचा खर्च टीव्ही पाहणारे उचलतात.

टीकाकारांचा मुद्दा इथूनच सुरू होतो. रेडिओ ३ चे श्रोते आठवड्याला साधारण २० लाख, तर रेडिओ २ चे एक कोटीहून जास्त. शास्त्रीय संगीतासाठी १९९२ पासून 'क्लासिक एफएम' हे खासगी स्टेशनही आहे आणि त्याचे श्रोते रेडिओ ३ पेक्षा जास्त आहेत. मग थोड्यांच्या आवडीसाठी सगळ्यांनी का पैसे भरायचे?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण क्लासिक एफएमचा भर रेकॉर्डिंग्जवर आहे. ती रेकॉर्डिंग्ज कुणीतरी, कुठेतरी आधी वाजवलेली असतात. अनोळखी संगीतकाराची नवी रचना पहिल्यांदा वाजवायची तर तालमीचे दिवस, वादकांचे पगार आणि हॉल रिकामा राहण्याचा धोका असं सगळं कुणीतरी पत्करावं लागतं. रेडिओने ऑर्केस्ट्रा उभे केले तेव्हाचं कारण संपलं, हे खरं. आजचं कारण हे आहे.

बाकीच्या देशांत काय घडलं?

ग्रीसमध्ये जून २०१३ मध्ये सरकारने सरकारी प्रसारण संस्था 'ईआरटी' एका रात्रीत बंद केली. तिच्या ऑर्केस्ट्राने आणि गायकवृंदाने त्यानंतर केलेल्या कार्यक्रमात कलाकार डोळे पुसत गात-वाजवत होते. दोन वर्षांनी संस्था पुन्हा सुरू झाली. डेन्मार्कच्या सरकारी रेडिओने २०१४ च्या अखेरीस आपला चेंबर ऑर्केस्ट्रा बंद केला. तिथल्या वादकांनी लोकवर्गणी जमवली आणि तो खासगी स्वरूपात चालू ठेवला. जर्मनीत २०१६ मध्ये एसडब्ल्यूआर या प्रसारण संस्थेने आपल्या दोन ऑर्केस्ट्रांचं विलीनीकरण केलं.

भारतालाही हा विषय परका नाही. नाझींच्या सावटामुळे युरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची सकाळची ती प्रसिद्ध धून त्यांचीच मानली जाते. पुढे १९५२ मध्ये आकाशवाणीने 'वाद्यवृंद' हा स्वतःचा भारतीय वाद्यांचा ऑर्केस्ट्रा उभा केला, पंडित रविशंकर त्याच्या पहिल्या संचालकांपैकी एक. रेडिओने पगार दिला म्हणून कलाकार उभे राहिले, हे इथेही घडलं.

आता पुढे काय?

बीबीसी ज्या रॉयल चार्टरवर चालते, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. त्यानंतर पैसा कुठून येणार, लायसन्स फीतून, सबस्क्रिप्शनमधून, जाहिरातींतून की सरकारी तिजोरीतून, हा वाद रंगला आहे.

उत्तर सबस्क्रिप्शन आलं, तर ऑर्केस्ट्राला किती क्लिक मिळतात याचा हिशोब होणार. जाहिराती आल्या, तर दीड तासाच्या सिम्फनीत ब्रेक कुठे घ्यायचा हा प्रश्न येणार. सरकारी पैसा आला, तर दर अर्थसंकल्पात जीव मुठीत धरून बसावं लागणार.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. टीव्हीवरची मालिका बंद झाली, तर पुढच्या वर्षी नवी काढता येते. एकत्र श्वास घ्यायला शिकलेले ८०-९० वादक एकदा पांगले की पुन्हा जमवायला एक पिढी जाते. म्हणून २०२७ चा निर्णय घेताना यंदा किती पैसे वाचले एवढंच पाहून चालणार नाही.