दार बंद, मैदान खुले

गोल्फ म्हणजे साहेब लोकांचा खेळ. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा नामांकित क्लब १७५४ सालचा. स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव झाला २०१४ साली! तब्बल २६० वर्षे!

अमेरिकेच्या रेनी पॉवेल यांच्यापुढे तर दोन भिंती होत्या, स्त्रीत्वाची आणि काळ्या वर्णाची. वडील विल्यम दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. परतल्यावर गोऱ्यांच्या मैदानांवर त्यांना मज्जाव झाला. कर्जही नाकारले गेले. तेव्हा दोन कृष्णवर्णीय डॉक्टर आणि सख्खा भाऊ पाठीशी उभे राहिले. ओहायोत शेतजमीन घेऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी मैदान घडवले आणि १९४८ साली सर्वांसाठी खुले केले.

तिथेच शिकून रेनी १९६७ साली व्यावसायिक स्पर्धांत उतरल्या. पुढे वडिलांच्याच मैदानावर मुख्य प्रशिक्षक झाल्या. माजी सैनिक स्त्रियांना त्यांनी विनामूल्य शिकवले. २०१५ साली सेंट अँड्र्यूजच्या त्याच क्लबाने त्यांना मानद सभासदत्व दिले.

हा मान मिळायला सत्तरी जवळ आली. हातातले काम मात्र कधी थांबले नाही. आपली लेक 'पुरुषांच्या' धंद्यात पाऊल टाकू म्हणेल, तेव्हा तिला अडवू नका. त्या दोन डॉक्टरांसारखे पाठीशी उभे राहा.