भिंतीवरचे चित्र कोणाचे?



आमच्या वस्तीच्या तोंडाशी बुद्धविहाराची लांब भिंत आहे. गेल्या जयंतीला तिच्यावर वस्तीतल्याच एका मुलाने चवदार तळ्याचे चित्र काढले. दिवसा दुकानांचे बोर्ड रंगवायचा आणि रात्री हॅलोजन लावून भिंत. अशा नऊ रात्री. मंडळाने वर्गणीतून रंग आणून दिला, मजुरी त्याने घेतली नाही. कोपऱ्यात आपले नाव मात्र घातले, तेही बारीक अक्षरात.

दिवाळीनंतर त्याच चित्राचे कॅलेंडर बाजारात आले. नावाचा कोपरा कापलेला, तिथे दुकानाचा फोन नंबर. विचारायला गेलो तर छापणारा म्हणतो, "साहेब, रस्त्यावरची भिंत. फोटो आमचा. यात तुमचे काय?" त्याचे एक वेळ सोडून देतो. पण आमचेच कार्यकर्ते म्हणाले, "जाऊ द्या, बाबासाहेबांचा प्रचारच होतो आहे." हे मला झोंबले. प्रचार होतो आहे तर कॅलेंडर फुकट वाटा की! जागरण आमच्या पोराचे आणि गल्ला दुसऱ्याचा, याला प्रचार म्हणायचे काय?

मी वकील नाही, साधा कारकून. पण कायदा वाचता येतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात कशाला परवानगी लागत नाही ते सांगितले आहे. इमारतीचा फोटो काढून छापता येतो. म्हणजे दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो कोणीही छापावा. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचाही छापता येतो. गंमत अशी, की या पुतळ्यांच्या सवलतीत रंगवलेल्या चित्राचा समावेश नाही. चौकातला पुतळा आणि त्याच्यामागच्या भिंतीवरचे चित्र एकाच फोटोत आले, तरी कायद्याच्या लेखी दोन्ही निराळी. भिंत रस्त्यावर आहे म्हणून चित्र सर्वांच्या मालकीचे होत नाही. चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षे हक्क राहतो, आणि त्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असेही नाही.

याचा अर्थ चित्रासमोर लेकराबाळांचा फोटो काढायचा नाही असा मुळीच नाही. स्वतःच्या वापरासाठी, अभ्यासासाठी, चित्रावर टीका-परीक्षण लिहिण्यासाठी किंवा चालू घडामोडीची बातमी देण्यासाठी केलेला रास्त वापर कायद्याला मान्य आहे. जयंतीच्या बातमीसोबत आपल्या साप्ताहिकात ते चित्र छापले तर गैर नाही. कॅलेंडर करून विकणे, जाहिरातीला जोडणे, ही गोष्ट वेगळी. मुंबईतल्या एका भिंतीवरचे मोठे चित्र एका विमा कंपनीने आपल्या जाहिरातीत वापरले होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने समाजमाध्यमांवरचा तो मजकूर काढायला लावला. तो अंतरिम आदेश होता, अंतिम निकाल नव्हे. पण हवा कुठल्या बाजूची ते कळते.

आता आपल्या मंडळांनीही कान उघडून ऐकावे. कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक मोबदला देणारा ठरतो. म्हणजे आमच्या मंडळाने पोराच्या हातावर मजुरी ठेवली असती, तर हक्क मंडळाचा झाला असता आणि पोर कोरडेच राहिले असते! त्याने मजुरी घेतली नाही म्हणून माझ्या मते हक्क त्याचाच. मजुरी जरूर द्यावी, पण हक्क चित्रकाराचा राहील अशी एक ओळ कागदावर लिहून दोघांनी सही करावी. चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

आणि नाव? ते तर पैसे देऊनही पुसता येत नाही. कलम ५७ प्रमाणे हक्क विकला तरी कृती माझी आहे हे सांगण्याचा आणि तिची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार कलावंताकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले. ते सरकारशी भांडत राहिले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. समोर खुद्द भारत सरकार होते. आमच्या समोर तर एक कॅलेंडरवाला आहे.

आम्ही भिंतीचा फोटो, कॅलेंडरची प्रत आणि रंगाच्या पावत्या जोडून पत्र लिहिले. मागणी दोनच : पुढच्या प्रतींवर नाव, आणि झालेल्या विक्रीतला वाटा. पत्र स्पीड पोस्टाने गेले, पोच आली, उत्तर अजून नाही. पंधरा दिवस वाट पाहून ओळखीच्या वकिलांकडून नोटीस देऊ. दरम्यान परवा रात्री पोराने पुन्हा हॅलोजन लावला आणि भिंतीवर आपले नाव हातभर मोठे केले, तळ्याच्या पाण्यातच, कुठून कापायचे ते कळू नये असे.