कंपनी आपली, मॅनेजर कुणाचा?



सरकारशी कसे बोलावे हे कंधार तालुक्याला कुणी शिकवायची गरज नाही. मन्याडच्या खोऱ्यात केशवराव धोंडगे यांच्यासारखा माणूस होऊन गेला. विधानसभेत, आणि १९७७ च्या निवडणुकीनंतर लोकसभेत, ते ज्या रांगड्या बोलीत बोलले त्याच बोलीत इथला शेतकरी भांडत आला. तहसीलवर मोर्चा न्यायचा, रस्ता अडवायचा, साहेबाच्या टेबलावर वाळलेली पऱ्हाटी नेऊन ठेवायची, हे आपल्याला जमते. पण आता वेळ वेगळी आली आहे. आपणच मालक झालो आहोत. आपलीच कंपनी, आपलाच काटा, आपलेच गोदाम आणि पगारावर ठेवलेला आपलाच मॅनेजर. इथे कसे बोलावे आणि कसे ऐकावे, हे आपल्याला अजून शिकायचे आहे. ते शिकलो नाही तर या कंपन्या बुडतील, आणि मग अडत्याच्या दारात परत जाताना आपण कोणत्या तोंडाने जाणार?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकरी उत्पादक कंपनीची वाट मोकळी झाली. १० शेतकरी एकत्र आले की कंपनी काढता येते. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. संचालक कमीत कमी ५, जास्तीत जास्त १५. पूर्ण वेळ काम पाहणारा एक मुख्य कार्यकारी अधिकारी नेमलाच पाहिजे, आणि तो सभासदांपैकी असता कामा नये. म्हणजे कायद्यानेच मॅनेजर बाहेरचा. त्याचा माल आपल्या काट्यावर येत नाही, आपल्या पावसाने त्याची झोप उडत नाही. हा दोष नाही, धंद्याला हिशेबी माणूस लागतोच. पण बाहेरचा माणूस आणि घरचे सभासद यांच्यात बोलणे राहिले नाही तर कंपनी कागदावरच राहते.

२९ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्र सरकारने १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांची योजना सुरू केली. सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद आणि व्यवस्थापनाच्या खर्चासाठी ३ वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत, असा तिचा आराखडा. नांदेड-लातुरातही कंपन्या उभ्या राहिल्या. आता हिशेब सरळ आहे. चौथ्या वर्षापासून मॅनेजरचा पगार धंद्यातून निघाला पाहिजे. धंदा मालावर चालतो आणि माल सभासदाच्या भरवशावर येतो. सभासदाने कापूस दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला घातला, तर कंपनीच्या काट्यावर कावळे बसतील.

शहरातल्या वर्गात मॅनेजरला संवादकौशल्य शिकवतात. नजरेला नजर द्या, हसून बोला, फळ्यावर चित्रे दाखवा. त्यालाही आमची ना नाही. पण कोरडवाहू शेतकरी माणसाची पारख हसण्यावरून करत नाही. तो तीन गोष्टी पाहतो: काटा, पावती आणि चुकारा. या तीन गोष्टींबद्दल जो आधी बोलतो तो आपला. जो नंतर बोलतो तो व्यापाऱ्याचा भाऊ.

कापसाचेच उदाहरण घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हा भाव ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. ११ टक्के ओलावा निघाला तर २४३ रुपये ३० पैसे कापले जातात आणि हाती ७,८६६ रुपये ७० पैसे पडतात. चौथी शिकलेल्या माणसालाही हा हिशेब पाच मिनिटांत कळतो. पण तो त्याला कळतो कधी? गाडी भाड्याने करून, रात्रभर रांगेत राहून, दुसऱ्या दिवशी मीटरने आकडा दाखवल्यावर. तेव्हा सांगितलेला हिशेब हिशेब वाटत नाही, लूट वाटते. तोच हिशेब दसऱ्याआधी गावच्या पारावर सांगितला असता तर दव उतरल्यावर वेचणी सुरू झाली असती, कापूस दोन दिवस उन्हात पडला असता आणि गाडी परत फिरली नसती. शब्द तेच, माणूस तोच; नुसते महिनाभर आधी बोलल्याने क्विंटलमागे दोन-अडीचशे रुपये वाचतात. संवाद म्हणतात तो याला.

१९७२ पासून चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत मराठवाड्याने याचा उलटा धडा घेतला आहे. ग्रेड का घसरली, काट्यात घट का आली, चुकारा कधी मिळणार, या प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याला खिडकीवर मिळत नसत. ती योजना मोडण्याची कारणे याहून मोठी होती, ती तोट्याची आणि राजकारणाची होती. पण ती मोडली तेव्हा तिच्यासाठी शेतकरी रडला नाही, त्याचे कारण ही बंद खिडकी होती. आपल्या कंपनीला तशीच खिडकी बसवायची आहे काय?

आणखी एक गोष्ट. उत्पादक कंपनीला कायद्याने अशी मुभा आहे की मालाची पूर्ण किंमत लगेच न देता काही भाग राखून ठेवावा आणि पुढे द्यावा. धंद्याला भांडवल लागते, तेव्हा यात गैर काही नाही. पण शेअर गोळा करताना ही गोष्ट सभासदाला कुणी सांगितली? सांगितली नसेल तर तो एवढेच म्हणेल की माझा चुकारा अडवला. मुलीच्या लग्नाची तारीख धरून बसलेल्या बापाला भांडवल उभारणीचे तत्त्वज्ञान ऐकवून उपयोग नाही. वाईट बातमी आधी सांगावी, स्वतः जाऊन सांगावी आणि पैसे कोणत्या तारखेला देणार ते लिहून द्यावे.

बोलणे साधे असावे म्हणजे उथळ असावे असे नव्हे. शरद जोशी हे मुळात टपाल खात्यातले मोठे अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघात काम केलेले. परत येऊन चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन कसली, आणि १९८० च्या कांदा आंदोलनापासून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. अर्थशास्त्राचा एवढा जड विषय त्यांनी उत्पादन खर्चाच्या हिशेबात आणून ठेवला. बियाणे किती, खत किती, घरच्या माणसांची मजुरी किती, हातात काय आले. सभेनंतर ते निघून गेले तरी साधा बिल्लेवाला कार्यकर्ता पारावर तोच हिशेब मांडून दाखवू शकत असे. पुढाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. तो नसताना त्याचे म्हणणे दुसऱ्याला सांगता येते की नाही? आपल्या मॅनेजरने बैठकीत सांगितलेले सभासद घरी जाऊन बायकोला सांगू शकत नसेल, तर सांगणे झालेच नाही.

ऐकण्याचेही तसेच. धोंडगे यांनी गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले. ज्यांना आयुष्यभर कुणी बोल म्हटले नव्हते त्यांच्यासाठी मंच उभा केला. आपल्या सभेत मात्र संचालक खुर्चीवर, मॅनेजर माईकवर आणि सभासद सतरंजीवर मुका. आणि मायबहिणी? कापूस वेचते ती, कवडी बाजूला काढते ती, ज्वारीचे कणीस काळे पडले हे आधी पाहते ती. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला लाखाच्या घरात शेतकरी महिला जमल्या होत्या. इतकी वर्षे उलटली. आपल्या कंपनीच्या बैठकीत तिला कुणी विचारतो काय?

आता संचालकांना दोन शब्द. सगळे खापर मॅनेजरवर फोडून चालणार नाही. आपण सालगडी पाडव्याला ठरवतो. साल किती, धान्य किती, उचल किती, कपडा-जोडा काय, हे सगळे चार माणसांसमोर बोलून होते. मग पदवीधर मॅनेजर नेमताना त्याचे काम कोणते, निर्णय कुठवर त्याचा आणि कुठून संचालक मंडळाचा, हे तेवढ्या स्वच्छपणे का सांगत नाही? कुठे तो संचालकांचा गुमास्ता होतो, कुठे तोच मालक होऊन बसतो. गुजरातेत खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ साली उभा राहिला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल इथले, मॅनेजर वर्गीस कुरियन केरळचे. अध्यक्षांनी गावे सांभाळली, मॅनेजरने डेअरी सांभाळली. दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फॅट मोजायचे आणि त्यावर रोकडे पैसे द्यायचे, ही पद्धत बसली. परक्या मुलखातल्या मॅनेजरवर शेतकऱ्याने भरवसा ठेवला तो या रोजच्या मोजणीमुळे.

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे असे. ज्या गावात कंपनी आहे तिथल्या कार्यकर्त्यांनी पुढील ठराव मांडावेत.

एक, त्या दिवसाचा भाव, ओलाव्याची कपात, हमाली आणि तोलाई फळ्यावर खडूने लिहिल्याशिवाय काटा सुरू होणार नाही. दोन, ओलावा आणि वजन सभासदाच्या डोळ्यांसमोर मोजले जाईल, आणि पावतीवर चुकाऱ्याची तारीख असेल. तीन, वेचणीआधी आणि ज्वारीच्या काढणीआधी मॅनेजर गावोगाव बसेल, आणि त्या बैठकीत निम्मा वेळ सभासदांचा राहील. चार, वार्षिक सभेची नोटीस कायद्याप्रमाणे किमान १४ दिवस आधी, हिशेबासह घरपोच मिळेल. एकूण सभासदांपैकी एक चतुर्थांश हजर असल्याशिवाय सभा होत नाही. सह्या गोळा करून ती उरकू द्यायची नाही. पाच, तक्रार आली की आठ दिवसांत उत्तर, मग ते नाही असले तरी चालेल.

यातल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. एक फळा, खडूचे खोके आणि खरे बोलायची तयारी एवढेच लागते. आपण रस्त्यावर घामाचे दाम मागत आलो. आपल्याच काट्यावर ते दाम कसे ठरले, हे सांगायला आपली संस्था बांधील आहे. मॅनेजर सांगत नसेल तर सभासदाने उठून विचारावे. एक सभासद, एक मत हा कायदा त्यासाठीच आहे.