वाऱ्यानें पडलें कीं पाण्यानें ?

गेल्या खेपेस या सदरांत आम्हीं वडिलोपार्जित घराच्या वाटणीपत्रासंबंधीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून पुण्याच्या एका जुन्या स्नेह्यांनीं आम्हांस मुद्दाम घरीं बोलावून नेलें. काम मात्र वाटणीचें नव्हतें, नव्या घराचें होतें. त्यांचा पुतण्या अमेरिकेंत टेक्सास संस्थानांत असतो, आणि गॅल्व्हस्टनच्या खाडीपासून थोड्या अंतरावर एक घर विकत घेण्याच्या बेतांत तो होता. त्यानें पाठविलेलें पत्र छापून घेऊन सारें कुटुंब दिवाणखान्यांत बसलें होतें.

पत्राचा मतलब असा : "घर एक, परंतु विमे तीन. एक आग, चोरी वगैरेंचा, दुसरा समुद्रकांठच्या वादळी वाऱ्याचा, तिसरा पुराचा. पहिल्या दोहोंवांचून बँक कर्ज देत नाहीं. तिसऱ्याची सक्ती नाहीं, कारण सरकारी नकाशांतल्या पूरक्षेत्राच्या बाहेर हें घर पडतें. एजंट म्हणतो, उगीच पैसे कशाला घालवितां ? काका, आपण सांगाल तसें करीन."

घरांतील कर्ती मंडळी हप्त्यांची बेरीज करण्यांत गढली होती. इतक्यांत आमच्या स्नेह्यांच्या मातोश्री बोलल्या. त्यांचें सासरचें मूळ घर श्रीवर्धनास. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ आलें, तेव्हां त्या घराचीं कौलें उडालीं आणि मागल्या बागेंतल्या पोफळी ओळीनें आडव्या झाल्या. त्या म्हणाल्या, "अरे, घर पडलें म्हणजे पडलें. तें वाऱ्यानें पडलें कीं पाण्यानें, हें पडलेल्या घरास विचारावयाचें तरी कोणीं ?"

आजींस ठाऊक नव्हतें. परंतु नेमक्या याच प्रश्नावर त्या देशांतील न्यायालयांनीं वर्षानुवर्षें खल केला आहे. १९६९ सालच्या 'कॅमिल' वादळानंतर तो झाला, आणि २००५ सालच्या 'कत्रिना' वादळानंतर तर त्याला ऊतच आला.

प्रथम हे तीन कागद कां, तें पाहूं. १९२७ सालीं मिसिसिपी नदीस मोठा पूर आला, आणि खाजगी विमा कंपन्यांनीं पुराच्या धंद्यांतून अंग काढून घेतलें. त्यांचेंही अगदींच चुकलें असें नाहीं. आग लागते ती एका घरास. पूर येतो तो साऱ्या गांवास एकदम. शिवाय पुराचा विमा काढावयास येतो तो नदीकांठचाच मनुष्य; टेकडीवरला येत नाहीं. तेव्हां १९६८ सालीं मध्यवर्ती सरकारनेंच पुराच्या विम्याची योजना काढली. तींत घराच्या इमारतीस अधिकांत अधिक २,५०,००० डॉलर मिळतात, व सामानास १,००,०००. घर दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे भाड्यानें राहावें लागलें तर त्याचा खर्च तींत मिळत नाहीं. वारा मात्र खाजगी कंपन्यांकडे राहिला. पुढें त्यांनाही समुद्रकांठच्या वाऱ्याची धास्ती वाटूं लागली, तेव्हां टेक्सासच्या कायदेमंडळानें १९७१ सालीं वाऱ्यासाठीं एक निराळी संस्था निर्माण केली. अशा रीतीनें एका छपराचे तीन धनी झाले.

आतां वादळ कांहीं असे तीन भाग करून येत नाहीं. २९ ऑगस्ट २००५ रोजीं 'कत्रिना' मिसिसिपी संस्थानाच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां आधीं कित्येक तास वारा घोंघावत होता आणि मागाहून समुद्र चढला. पास ख्रिश्चन या गांवाजवळ तो सुमारें २८ फूट चढला. पाणी ओसरल्यावर लोक परत येऊन पाहतात तों घराच्या जागीं नुसतें जोतें ! छप्पर नाहीं, भिंत नाहीं, सामानाचा मागमूस नाहीं. मालक म्हणे, समुद्र येण्यापूर्वींच वाऱ्यानें छप्पर नेलें होतें. कंपनी म्हणे, वाऱ्यानें चार फळ्या हालल्या असतील, घर नेलें तें समुद्रानें. आणि ज्या भिंतींनीं साक्ष द्यावयाची, त्या भिंतीच वाहून गेलेल्या.

त्यांतून कंपन्यांच्या विमापत्रांत एक कलम होतें. त्याचा भावार्थ असा कीं, पाण्यामुळें झालेलें नुकसान आम्ही देणार नाहीं. मग त्याच वेळीं किंवा मागें-पुढें दुसरें कोणतेंही कारण त्यास हातभार लावणारें असो. हें वाक्य आम्हीं दिवाणखान्यांत दोनदां वाचून दाखविलें. याचा शब्दशः अर्थ केला, तर सकाळीं वाऱ्यानें छप्पर नेलें आणि दुपारीं पाण्यानें उरलेलें घर नेलें, तरी सकाळच्या छपराचाही पैसा बुडाला !

पास्कागौला गांवच्या एका कुटुंबाचा दावा या बाबतींत प्रसिद्ध आहे. त्यांचें घर पडलें नव्हतें, परंतु खालच्या मजल्यांत पाणी शिरून सारी नासधूस झाली होती. मालकाचें म्हणणें असें कीं, पुराचा विमा काढूं कां, म्हणून आपण पूर्वींच एजंटास विचारलें होतें. त्यानें 'तुम्हांस गरज नाहीं, मीही माझ्या घराचा काढलेला नाहीं' असें सांगितलें. दावा एक लक्ष तीस हजार डॉलरांच्या वरचा होता. २००६ सालीं न्यायाधीश सेंटर यांनीं निकाल दिला, तो कंपनीनें आधीं देऊं केलेल्या किरकोळ रकमेंत सुमारें १,२२८ डॉलरांची भर घालणारा. एजंटाच्या तोंडच्या आश्वासनानें लेखी करार बदलत नाहीं, हा त्यांतला इत्यर्थ. तरी सेंटर यांनीं वरील कलम संदिग्ध ठरवून विमेदारांस थोडी वाट ठेविली होती. २००७ सालीं अपील न्यायालयानें निकाल कायम केला आणि कलमही स्पष्ट व बंधनकारक ठरवून ती वाट बुजविली.

हें ऐकून दिवाणखान्यांत कंपनीच्या नांवानें बराच उद्धार झाला. आम्हांस तो सर्वस्वीं मान्य नाहीं. ज्या संकटाचा हप्ता कंपनीनें कधीं घेतलाच नाहीं, त्याची भरपाई केवळ दयेपोटीं तिच्या माथीं मारणें हें न्यायाचें काम नव्हे. शिवाय विमेदार सारेच साळसूद नसतात. पाण्यानें भिजलेला गालिचा वाऱ्याच्या खात्यांत घालणारेही असतात. परंतु एका गोष्टीचें समर्थन आमच्यानें होत नाहीं, आणि वाचकांनींही ती नीट ध्यानीं घ्यावी.

१९८३ सालापासून सरकारी पुराचा विमा विकण्याचें व त्याचे दावे तपासण्याचें काम सरकारनें खाजगी कंपन्यांकडेच सोंपविलें. म्हणजे जी कंपनी वाऱ्याची भरपाई आपल्या खिशांतून द्यावयाची, तीच पाण्याची भरपाई सरकारच्या तिजोरीतून द्यावयाची. आणि घर कशानें पडलें हें ठरविणार तीच. दोन भावांच्या वाटणींत एका भावाच्याच हातीं तागडी द्यावी, तसलाच हा प्रकार. कंपनीसाठीं दावे तपासणाऱ्या दोन भगिनींनीं यावरच बोट ठेविलें. बिलॉक्सी येथील एका घरासंबंधीं इंजिनियराचा पहिला अहवाल वाऱ्यास दोष देणारा होता. तो बाजूस सारून दुसरा मागविण्यांत आला, आणि तो पाण्यास दोष देणारा निघाला. सरकारी खात्यांतून पुरे २,५०,००० डॉलर दिले गेले. २०१३ सालीं ज्यूरीनें ठरविलें कीं, स्टेट फार्म कंपनीनें सरकारपुढें खोटा दावा मांडला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथें वाद होता तो फिर्यादी पक्षानें खटल्याची गुप्तता मोडली म्हणून फिर्याद काढून टाकावी कीं काय, एवढाच. २०१६ सालीं त्या न्यायालयानें एकमतानें कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. घरमालकास या खटल्यांत पैसा मिळावयाचा नव्हता. लुबाडली गेली होती ती सरकारी तिजोरी. पण पाणी ठरविण्यांत कंपनीचा लाभ कसा होतो, हें त्यावरून उघड झालें.

विमेदारांस खरा आधार मिळाला तो २००९ सालीं, मिसिसिपी संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून. लाँग बीच गांवच्या एका दांपत्याचा दावा होता, प्रतिपक्षीं यू.एस.ए.ए. ही कंपनी. न्यायालय म्हणालें (शब्द आमचे), नुकसान ज्या क्षणीं झालें त्या क्षणीं भरपाईचा हक्क उत्पन्न झाला. वाऱ्यानें छप्पर नेलें, त्याच वेळीं छपराचें देणें कंपनीच्या अंगावर आलें. मागाहून समुद्र आला म्हणून तें धुऊन जात नाहीं. 'मागें-पुढें' हे शब्द आधींच उत्पन्न झालेला हक्क हिरावून घेऊं शकत नाहींत. आमच्या मतें इतका सरळ विचार सुचावयास त्या देशाच्या न्यायसंस्थेस चार वर्षें लागावीं, हें नवल आहे. त्याच निकालांत पुराव्याचा भारही वांटून दिला. इमारतीचें नुकसान झालें एवढें मालकानें दाखवावें. तें पाण्यानें झालें हें सिद्ध करणें कंपनीकडे. घरांतील सामानाचें मात्र उलट. तें वाऱ्यानेंच गेलें, हें मालकानें सिद्ध केलें पाहिजे. म्हणजे भिंतीचा न्याय निराळा आणि भिंतीला टेकलेल्या कपाटाचा निराळा !

न्यू ऑर्लीन्स शहराची गोष्ट आणखी वेगळी. तेथें बांध फुटले. लोकांचा युक्तिवाद असा कीं, माणसांच्या हयगयीनें आलेलें पाणी हा 'पूर' नव्हेच. २००७ सालीं मध्यवर्ती अपील न्यायालयानें, व २००८ सालीं लुइझियाना संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें, तो फेटाळला : कारण कांहींही असो, पूर तो पूर. आणि थोरामोठ्यांचीं घरें यांतून सुटलीं असें कोणी समजूं नये. मिसिसिपीचे सेनेटर ट्रेंट लॉट यांचें पास्कागौला येथील सुमारें दीडशे वर्षांचें घर नाहींसें झालें, तेव्हां त्यांनाही आपल्या विमा कंपनीवर फिर्याद करावी लागली. २००७ सालीं ती आपसांत मिटली. त्यांचे वकील व साडू रिचर्ड स्क्रग्ज यांनीं अशा शेंकडों विमेदारांचीं वकीलपत्रें घेतलीं होतीं. पुढें याच दाव्यांतील फीच्या वांटणीवरून झालेल्या भांडणांत एका न्यायाधीशास लांच देण्याच्या कटाबद्दल २००८ सालीं त्यांनीं गुन्हा कबूल केला. ज्यांनीं घरें गमावलीं त्यांच्या पैशांभोंवतीं किती हात घोटाळत असतात, पाहा.

पुतण्या राहणार त्या भागासही हा अनुभव नवा नाहीं. १३ सप्टेंबर २००८ रोजीं 'आइक' वादळानें गॅल्व्हस्टनजवळच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर असेंच घरें पुसून जोतीं ठेविलीं, आणि वर सांगितलेल्या वाऱ्याच्या संस्थेवर दाव्यांची रीघ लागली. २०११ सालीं टेक्सासनें कायदा बदलून वारा-पाण्याची फोड करण्याच्या पद्धती ठरविण्यासाठीं तज्ज्ञांची समिति नेमण्याची तरतूद केली. २०१२ सालीं मध्यवर्ती कायदा झाला, तो तर केवळ जोतें उरलेल्या घरांसाठींच : कोणत्या जागीं केव्हां वारा किती व पाणी किती, याचा हिशेब हवामानशास्त्रज्ञांनीं मांडावयाचा. आजींच्या प्रश्नास सरकारनें दिलेलें उत्तर तें हें. घरास विचारतां येत नाहीं, म्हणून वादळासच विचारावयाचें.

आमच्याकडे या बाबतींत स्थिति बरी आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांस विकावें लागणारें 'भारत गृह रक्षा' हें घराचें विमापत्र वादळ आणि पूर ह्या दोहोंस एकाच कागदांत सामावून घेतें; वारा कीं पाणी, ही फोड करीत बसण्याचें कारण सहसा पडत नाहीं. दुःख इतकेंच कीं, कोंकणांतल्या किती घरांत हा कागद आहे ? श्रीवर्धनच्या त्या घराचा विमा नव्हता. तलाठी येऊन पंचनामा करून गेले, आणि कौलांचा खर्च तिघां भावांनीं वर्गणी काढून भागविला.

पुतण्यास आम्हीं काय कळविलें, तें सांगतों. पुराचा विमा अवश्य काढावा. नकाशावरची रेघ पाणी वाचीत नाहीं. २०१७ सालीं 'हार्वे' वादळांत ह्यूस्टनच्या आसपास बुडालेल्या बहुसंख्य घरांस तो नव्हता. घराच्या कर्जाबरोबर काढला तर बरें; एरवीं तो अंमलांत यावयास सामान्यतः ३० दिवस जावे लागतात, आणि समुद्रांत वादळ दिसूं लागल्यावर धांवून उपयोग नसतो. एजंटाचें प्रत्येक आश्वासन लेखी घ्यावें. प्रत्येक खोलीचे, छपराचे व सामानाचे फोटो काढून त्यांची एक प्रत पुण्यास काकांकडे ठेवावी. वादळ येऊन गेलेंच, तर झाडलोट करण्यापूर्वीं भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेघेचा फोटो घ्यावा. रेघेच्या वरची मोडतोड पाण्याच्या माथीं मारणें कंपनीस अवघड जातें. पुराच्या नुकसानीचें शपथेवरचें निवेदन ६० दिवसांच्या आंत पाठवावें, आणि दावा लेखी नाकारला गेला तर एका वर्षाच्या आंत फिर्याद करावी. ती मुदत टळली कीं सारें संपलें.

सव्वा महिन्यानें त्याचें उत्तर आलें. तिन्ही कागद झाले होते. सोबत नव्या घराचे दीडशेंवर फोटो होते. ते पाहावयास आम्हांस पुन्हां बोलावणें आलें. आजींनीं चष्मा लावून एकूण एक फोटो पाहिला, अगदीं छपराच्या पन्हाळीपर्यंत. मग त्या चिरंजीवांस म्हणाल्या, "सगळें आलें, पण देवघर कांहीं दिसलें नाहीं. उद्यां पत्र लिहिशील तेव्हां तेवढें विचार."