बियाणे त्यांचे, निधी कुणाच्या नावावर?

आम्ही पेशाने कारकून. एखादी योजना जाहीर झाली की पुढाऱ्याच्या भाषणाआधी आमची नजर रकमेवर जाते. पैसा कुठून आला, कुणाच्या नावावर गेला आणि सही कुणाची, हे तीन रकाने तपासले की योजनेचा खरा धनी कळतो.

आज हे रकाने आम्ही हवामानाच्या पैशाला लावून पाहत आहोत. मराठवाड्याने अलीकडे काय नाही भोगले? 2014 ची गारपीट, 2016 साली लातूरला रेल्वेने आणावे लागलेले पाणी, सप्टेंबर 2025 चा पूर. आपल्यापैकी कितीतरी जणांचे भाऊबंद आजही गावाकडे गायरानावर ज्वारी-बाजरी पेरतात. पाऊस चुकला की आधी चूल विझते ती त्यांची.

अशा वेळी मार्ग कोण शोधतो? शेजारच्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. महादेव कोळी समाजाच्या या बाई शाळेची पायरी चढल्या नाहीत. नातू आजारी पडू लागला, तेव्हा औषधे फवारलेल्या भाजीपाल्यावर त्यांचा संशय गेला आणि त्या जुने गावठी बी जमवू लागल्या. मातीच्या घरात त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली. ‘बायफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली. 2018 साली बीबीसीने जगातल्या शंभर महिलांत त्यांचे नाव घेतले, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

कोणते बी कमी पाण्यात तगते, कोणते उशिरा पेरले तरी दाणा भरते, कशाला कीड कमी लागते, हे वर्षानुवर्षे पेरून, पाहून, निवडून ठरवणे, हे संशोधन नव्हे तर काय? मात्र अशा बाईला आपण शाल-श्रीफळ देतो आणि संशोधनाचा निधी दुसऱ्याच्या टेबलावर ठेवतो.

जगातही हेच चालते. 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश व दानसंस्थांनी आदिवासी व स्थानिक समाजांच्या जमीन-जंगल हक्कांसाठी 170 कोटी डॉलरचे वचन दिले. देणाऱ्यांच्याच अहवालाप्रमाणे, 2022 साली दिलेल्या पैशांपैकी थेट या समाजांच्या संघटनांच्या हाती पडले फक्त 2.1 टक्के. बाकीचा पैसा मधल्या हातांतून फिरला.

आपल्याकडे पैसा नाही असे कोणी म्हणू नये. हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी 2018 साली जागतिक बँकेने महाराष्ट्राला 42 कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्या प्रकल्पात मराठवाडाही आला. 2022 साली राज्य मंत्रिमंडळाने स्थानिक पिके, जनावरे, वने यांचे वाण जपण्यासाठी ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला पाच वर्षांसाठी 172 कोटी 39 लाख रुपये मंजूर केले. निर्णय चांगलाच आहे. आमचा प्रश्न तिसऱ्या रकान्याचा आहे. सही कुणाची?

थेट पैसा देता येत नाही, हिशेब कोण ठेवणार, असे साहेब लोक म्हणतात. पण वाट आधीच पडलेली आहे. 2015 साली महाराष्ट्राने आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरवले, खर्च ग्रामसभेने ठरवायचा. आपल्या मराठवाड्यात किनवट परिसराला पेसा लागू आहे. ग्रामसभेला रस्ता आणि गटार ठरवता येते, तर कोणते बी तपासायचे हेही ठरवता येईल. जनुक कोशाच्या पैशातला ठरावीक वाटा असाच थेट ग्रामसभेला आणि बियाणे राखणाऱ्या बायांच्या गटाला मिळावा. अनुसूचित जाती उपयोजनेतून गायरानावरच्या बायांच्या गटांनाही तो मिळावा. शास्त्रज्ञ जरूर यावेत, पण सोबती म्हणून. मालक म्हणून नव्हे.

बंधू-भगिनींनो, दिवाळीला गावी जाल तेव्हा घरातल्या म्हातारीजवळ बसा. राखेत घालून मडक्यात ठेवलेले बी कोणते, ते कोणत्या दुष्काळात तगले, हे तिला विचारा. मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा, तिच्या नावासकट. उद्या ग्रामसभेत निधी मागायचा तर कागद हवा. कागद आपला नसला की ज्ञानही आपले राहत नाही, हे नोकरीत वीस वर्षे फायली हलवून आम्ही शिकलो आहोत.